दुरडीच्या तळाशी पाच भाकरी

आप्पा, यंदा मी दुरडी काढली. माळ्यावर जुन्या गाद्यांखाली उलटी पडली होती. एका बाजूचा काठ उंदरांनी खाल्ला होता आणि कडीला तुम्ही शेवटच्या वर्षी बांधलेली सुतळी तशीच होती. धुतली, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, खाल्लेल्या जागी जाड कापड शिवलं. दोन माणसांनी उचलायची ती दुरडी मी एकटीनं जिन्यावरून कशी उतरवली ते विचारू नका. तुम्ही असता तर म्हणाला असता, हाक मारायला तोंड न्हाई का तुला. तोंड होतं, पण हाक मारून कोण आलं असतं याचा अंदाज मला तेव्हाच आला होता. तरी डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, तुमच्या दुरडीच्या ठरल्या दिवशी, मैदानाच्या कडेला बदामाखाली ती मांडली. चौसष्ट घरांच्या कॉलनीतून तीन घरं आली, त्यातलं एक आपलं.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण ठाऊक असलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत. कोयनेच्या प्रकल्पावर तुम्ही वायरमन होता. बदली होऊन साताऱ्याला आलात आणि गावाबाहेर, कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला, जिथं घाणेरीची झुडपं आणि दगड यांशिवाय काही नव्हतं, तिथं प्लॉट घेतलात. तेव्हा बावीस घरं होती. निम्मी पलटणीतून निवृत्त झालेल्यांची, दोन-चार मास्तरांची, एक एसटीच्या डेपोतल्या मेकॅनिकचं, बाकीची आपल्यासारखी, गावाकडं थोडी जमीन आणि इथं नोकरी असलेली. रस्ता नव्हता, गटार नव्हतं. दर रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही माकडटोपी घालून बाहेर पडायचा आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या लोखंडी खांबावर पान्यानं तीन ठोके द्यायचा. पहिले मेकॅनिक काका यायचे, नेहमी तेच पहिले. मग सुभेदार काका फावडं बंदुकीसारखं खांद्याला लावून, मग कुरकुरत बाकीचे. दहा वाजेपर्यंत गटार काढायचं, मुरूम पसरायचा, झाडांना आळी करायची. मैदानाच्या कडेचा बदाम मेकॅनिक काकांनी लावलेला आहे. आई म्हणायची, ह्यांना घरातला नळ दुरुस्त करायला वेळ नाही आणि लोकांची गटारं काढायला हौस. ते खरंच होतं. मोरीतला तो नळ तुम्ही गेल्यावर आम्ही बदलला.

हे सगळं का करता, असं मी तुम्हाला एकदाच विचारलं. नववीत असेन. जुन्या कुणाला तरी भेटायला तुम्ही मला कोयनानगरला नेलं होतं आणि घाटात बस लागून मी अर्धमेली झाले होते. परतायच्या आधी आपण एका उतारावर उभे आहोत. गवत माजलंय, मधे मधे जोत्याचे दगड दिसतात. तुम्ही बोट दाखवून सांगता आहात की इथं तुमच्या क्वार्टर्स होत्या. भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. घर पडलं, शेजारचे दोघे गेले, ते तुम्ही थोडक्यात उरकलंत. तुम्हाला सांगायचं होतं ते त्यानंतरचं. "आठ दिस समदी उघड्यावर व्हतो," तुम्ही म्हणालात. "एका टोपल्यात भाकरी यायच्या. कुणी थापल्या, कुठल्या घरातनं आल्या, कुणी इचारलं न्हाई. नवव्या दिशी पत्र्याची शेडं मिळाली, आन त्याच सांजंला चुली येगळ्या झाल्या." मला वाटलं, संपलं. बस आली तेव्हा म्हणालात, "आठ दिस माणसं नीट वागली. भूकंपाबिगर वागत्यात का, येवढंच बघायचं हाय मला."

ते बघण्यासाठीच तुम्ही बुरुडाकडून ती दुरडी करून घेतली होती. मी अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा मांडली. नियम दोनच. प्रत्येक घरानं पाच भाकरी फडक्यात बांधून आणायच्या आणि आल्या आल्या दुरडीत ओतायच्या. सगळ्यांच्या आल्या की तुम्ही बाह्या सारून त्या खालवर करायच्या, अशा की कुणाची कुठली ते देवालाही कळू नये. तीन दगडांवर अख्ख्या मसुराची आमटी, ती पुरुषांनी करायची. मग पंगत. भाषण नाही, हार नाही, पाहुणा नाही. एका मास्तरांनी दोन शब्द बोलू का विचारलं तर तुम्ही त्यांच्या हातात पळी दिलीत. वाढायला आम्ही मुली. मेकॅनिक काकांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्याकडं आधी पत्रावळी मांडायचं आणि शेवटी उचलायचं काम असे. ते तिला कुणी नेमून दिलं, मला आठवत नाही. आम्हाला वाढायचं कुणी दिलं तेही आठवत नाही.

काकांचं घर बौद्ध होतं. तुमच्या सगळ्या खटाटोपाचं टोक तिथं होतं हे मला कळायला वेळ लागला, मोठ्यांना मात्र पहिल्या दिवशीच कळलेलं असणार. तुम्ही ते कधी तोंडानं बोलला नाहीत. काकांना पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवून घ्यायचा, एवढंच. आणि भाकरी मोडायच्या आधी हातात उंच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, कुणाच्या घरची हाय कुणास ठावं, पर लय ग्वाड हाय. तुमचा चेहरा त्या वेळी जसा दिसायचा तसा माझ्या लग्नातही दिसला नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला मला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. त्या पहिल्या रविवारी सकाळी आई चुलीपुढं आहे. पलीकडच्या खोलीत आजी अंथरुणावर बसून आहे आणि तिला सगळं ऐकू येतंय. आई काठवटीत भाकरी थापते आणि तव्यावर टाकायच्या आधी तिच्या कडेला उजव्या हाताचा अंगठा एकदाच, खोल दाबते. पाचही भाकरींना. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, आपली ओळखायला. आजीनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की त्या दुरडीतलं कुणाचंही खाऊन पोरगा घरात आला तर ती या घरात पाणी घेणार नाही. मग आईनं मला जवळ ओढून सांगितलं, अंगठ्याच्या तेवढ्या हुडकून आप्पांना आणि आपल्या माणसांना वाढायच्या, बाकीच्या कुणाला का जाईनात. "तुझ्या आप्पांचं भाईर चालतंय," ती म्हणाली. "मला घरात चालवायचं आस्तंय." तिच्यावर मला राग धरता येत नाही. खोटं सांगत नाही, मला त्या वेळी मजा वाटली होती. घरात माझ्याशी कुणी गुपित बोलत नसे, हे पहिलंच मिळालं होतं.

लग्न होईपर्यंत बारा वर्षं, आणि नंतरही सांगलीहून त्या दिवसापुरती येऊन, मी तुमच्या पानात अंगठ्याची भाकरी वाढली. कुणाच्या घरची हाय कुणास ठावं म्हणून तुम्ही जी उंच धरायचा, ती तुमच्याच बायकोची असायची. एका वर्षी दुरडीत हात घालून शोधताना तुम्ही मला पकडलंत. काय हुडकतीयास, म्हणालात. मी म्हटलं, गरम बघतेय. तुम्ही सगळ्यांदेखत इतके ओरडलात की पंगतीतले घास थांबले. आज निवडायचं न्हाई, हाताला लागंल ती वाढायची, येवढंबी कळत न्हाई का. मी बदामामागं जाऊन रडले. मेकॅनिक काकांच्या बायको, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, पदरानं माझं तोंड पुसायला आल्या. मग डोळे कोरडे करून मी परत गेले आणि अंगठ्याचीच वाढली.

पंगती उठल्या की दुरडीच्या तळाशी पाच भाकरी राहायच्या. दरवर्षी. मी त्या मावशींच्या फडक्यात बांधून द्यायचे आणि म्हणायचे, उरल्यात, न्या. मावशी न्यायच्या. त्या त्यांच्याच आहेत हे मला कळत होतं का? अर्धवट कळत होतं, आणि अर्धवट कळलेलं पुरतं कळू द्यायचं नाही हे आपल्याकडच्या मुलींना फार लवकर येतं. आजी गेली. मला वाटलं, आता आईचा अंगठा थांबेल. पुढच्या वर्षी आई भाकरी थापत होती, मी शेजारी बसून बघत होते. अंगठा दाबला गेला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि मी काही विचारलं नाही.

लग्नात तुम्ही मला भांडी दिलीत, गादी दिलीत आणि त्याच बुरुडानं केलेली एक लहान दुरडी दिलीत. "सांगलीत मांड," एवढंच म्हणालात. मी तिच्यात कांदे-बटाटे ठेवले. कॉलेजच्या वाचनालयातली नोकरी, सासू, मुलं, भाड्याची तीन घरं, मग सोसायटीतला फ्लॅट, आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती कांद्याची दुरडी. तुम्ही एकदाच आलात तेव्हा ती बघितलीत. बरी टिकलीया, म्हणालात. माझ्या डोक्यात त्या दिवशी दुसरंच काही चाललं होतं, त्यामुळं तुम्हाला काय वाटलं असेल ते मनात आलं नाही. आता येतं, बहुतेक कांदे घेताना.

तुम्ही गेल्यावर तीन वर्षं मोठी दुरडी निघाली, मग आचारी आला, मग उभ्यानं जेवायची टेबलं आली, मग काहीच नाही. आई पण गेली. मी ते सगळं विसरलेही असते, पण सांगलीत महापूर आला. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि आम्हाला होडीतून एका शाळेत नेलं. सहा दिवस होतो. बाहेरच्या गावांतून टेम्पो भरून भाकरी यायच्या, पोत्यात, टोपलीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी चार वर्षं ज्या शेजारणीशी पार्किंगवरून बोलत नव्हते तिच्या ताटात मी जेवले. कुणाच्या भाकरीला कसली खूण आहे ते बघायची शुद्ध कुणाला होती? मला तो उतार आठवला, आणि तुम्ही. पाणी ओसरलं, आम्ही चिखल काढला, आणि पंधरा दिवसांत पार्किंगचं भांडण जिथं राहिलं होतं तिथून सुरू झालं. तेव्हाच मी ठरवलं, की साताऱ्याला परत गेले की एकदा तुमची दुरडी मांडायची, खरी, विनाखुणेची. इतकी वर्षं मी ती बिघडवली होती. तुमचं म्हणणं खरं असेल तर ते एकदा तरी खरं होताना बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

हे गेले, मी निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी आपल्या घरात राहायला आले. कॉलनी तुम्हाला ओळखू येणार नाही. तीन मजली इमारती झाल्यात. मैदानात फरशी बसवली आहे आणि व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं, त्यांवर कपडे वाळत असतात. मी ग्रुपवर निरोप टाकला. तासाभरात चाळीस जणांनी अंगठा दाखवला, तिघांनी हात जोडले, एकानं केक पाठवला. मला वाटलं, झालं की. मग दारोदार गेले तेव्हा कळलं त्या अंगठ्यांचा अर्थ काय असतो. एकीकडं भाकरी कुणालाच येत नाही, पोळ्या चालतील का. एकीकडं त्या दिवशी बाहेर जायचंय. एकीकडं दार उघडलं नाही, आतून कॅमेऱ्यातून विचारलं, कोण पाहिजे. सुभेदार काकांचा मुलगा आता पंचावन्नचा आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. त्यानं चहा दिला, तुमची आठवण काढली, आणि मनापासून सल्ला दिला. "आक्का, आचारी सांगू. भाकऱ्या कोण थापतंय आता? लोकास्नी यायला आवडतंय, करायला न्हाई." मी म्हटलं, करणं हाच तर कार्यक्रम आहे. तो माझ्याकडं जरा कीव आल्यासारखा बघत राहिला.

शेवटी मावशींकडं गेले. काका जाऊन सात वर्षं झाली. मुलगी पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे, ती आईला कितीदा न्यायला आली, या हलत नाहीत. ऐंशी ओलांडली तरी सुईत दोरा स्वतः ओवतात. मी म्हटलं, मावशी, दुरडी मांडतेय, आणि तुम्हाला आधी एक सांगायचंय. आईच्या अंगठ्याचं मी त्यांना सांगायला लागले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुझ्या आईचा अंगठा," त्या म्हणाल्या. "सुभेदारणीच्या भाकरीला तीळ. मास्तरणीची एका कडंनं मुद्दाम करपवलेली. समद्यांच्या खुणा व्हत्या, बाय. तुमच्या एकट्याचीच न्हवती."

आप्पा, मला वाटत होतं ते आपल्या घराचं पाप आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते मी एकटीनं सांभाळलं, जसं काही दागिना. आणि बावीस घरांपैकी एकवीस घरांतल्या मुली माझ्यासारख्याच दुरडीत हात घालून आपापली शोधत होत्या. तुम्ही वर बाह्या सारून मिसळत होता आणि खाली आम्ही निवडत होतो. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. त्या हसल्या. "आमाला खूण कशाला लागती? आमी कुणाचीबी खात व्हतो. मग बिनखुणेची ती आमची, आसं झालं." बायकांना एकमेकींच्या घरची चालली असती, असंही त्या म्हणाल्या, अडचण त्या पाचांचीच होती. त्या कुठल्या हे कळलं पाहिजे म्हणून प्रत्येकीनं आपापली धरली. त्यांच्या माणसांनी सगळ्यांच्या भाकरी खाल्ल्या, त्यांच्या तेवढ्या माघारी आल्या, वर्षाला पाच. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. बाजारात आज काय मिळालं नाही ते सांगावं तसं सांगत होत्या.

मी विचारलं, आप्पांना का सांगितलं नाही कधी. त्यांनी हातातलं टाकलं नाही, टाका पुरा केला, दोरा तोडला. "त्यास्नी वाटत व्हतं झालं म्हणून. लय खूश दिसायचे त्या दिशी. म्हटलं, आसू द्या." आणि काकांना? "म्हाईत व्हतं की. तरीबी खांब वाजला की पयले तेच." निघताना विचारलं, रविवारी याल का. म्हणाल्या, येते की, पाच आणू?

त्या रात्री मला तुमचं शेवटचं वर्ष सारखं आठवत राहिलं. तुम्ही खुर्चीवर, अंगात दोन स्वेटर, हात थरथरताहेत. मी भाकरी वाढली. तुम्ही ती उंच धरली नाहीत त्या वर्षी. ताटातच ठेवून कडेवरून बोट फिरवत राहिलात, आणि बोट त्या खळग्यात येऊन थांबलं. मग तुम्ही शेजारी काकांकडं पाहिलंत. काकांनी तुमच्याकडं पाहिलं नाही. तुम्ही भाकरी मोडून आमटीत बुडवलीत. तुम्हाला कळलं होतं का? मावशींनी तुमच्यासाठी गप्प राहावं, तुम्ही आमच्यासाठी गप्प राहावं, आणि आम्ही आजीसाठी, असं सगळं होतं का ते? तुम्ही असता तरी मी हे विचारलं नसतं.

रविवारी सात वाजता पाना घेऊन खांबाकडं गेले. खांब आता सिमेंटचा आहे. सिमेंटच्या खांबावर पाना मारला की आवाज येत नाही, टवका उडतो. दोनदा मारला. वरच्या गॅलरीतून एका बाईनं वाकून विचारलं, लाइट जाणार आहे का आज. मी म्हटलं नाही. घरी येऊन भाकरी थापल्या. आमटी घरातच केली, कारण फरशीवर चूल पेटवायला मनाई आहे. अकराला दुरडी मांडली. मावशी काठी टेकत आल्या, फडकं सोडलं, पाच ओतल्या. मग कारखान्यात कामाला असलेलं एक जोडपं आलं, खंडाळ्याकडचं, नवीनच भाड्यानं राहायला आलेलं, पोळ्यांचं पाकीट घेऊन. बाकी कोण येणार आहे विचारलं. अर्धा तास थांबले बिचारे, मग दुपारची शिफ्ट आहे म्हणाले, डबा घेऊन जाऊ का. मी आमटी भरून दिली आणि त्यांच्या पोळ्याही परत दिल्या. सुभेदार काकांचा मुलगा फेरी मारायला आला, दुरडीचा फोटो काढला, लगेच ग्रुपवर टाकला. त्यावर अंगठे यायला लागले तेव्हा तो मला मोबाइल दाखवत होता. बस की जेवायला, मी म्हटलं. उपास आहे, म्हणाला.

मग मी आणि मावशी राहिलो. बदामाखाली सतरंजी, दोन ताटं, एवढ्या मोठ्या दुरडीत दहा भाकरी. मी बाह्या सारून त्या खालवर केल्या, तुमच्यासारख्या. मला हसू यायला लागलं आणि मावशींनाही आलं. मनाशी मी ठरवून आले होते, की पहिली भाकरी त्यांच्या हातची घ्यायची. एकच माणूस जेवलं असतं तरी तुमची दुरडी एकदा खरी झाली असती. माझ्याकडून तेवढं होण्यासारखं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते मला कळतं. मोठ्या दुरडीत ठेवीन आणि ती माळ्यावर चढवीन, यंदा कुणाला तरी हाक मारून. पण पुढचंही लिहून ठेवते. मी आमटी वाढेपर्यंत मावशींनी दुरडीत हात घातला. डोळे बारीक करून दोन भाकरी बाजूला सारल्या, तिसरी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. ही तुझी, म्हणाल्या. कडेला अंगठा होता, आप्पा. सकाळी थापताना माझ्याच हातानं तो दाबला होता, पाचही भाकरींना, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मावशींनी स्वतःची घेतली. त्यांच्या उरलेल्या चार मी फडक्यात बांधून दिल्या. मी ती बदलून मागू शकत होते, त्या नाही म्हणाल्या नसत्या. पण ताटात आपलीच भाकरी आलेली बघून मला आधी लाज वाटली नाही, ती नंतर वाटली. आधी हायसं वाटलं.